पार्किंगमधली शाळा

"जरा जादा धर," असं म्हणून मिस्त्री एक डोळा मिटायचे आणि हातातला लाकडाचा तुकडा उजेडाकडे धरायचे. कानामागे पेन्सिल, भुवयांवर सागवानाचा भुसा. जादा धरणं हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता. तिघांच्या चहाला चार कप पाणी ठेवायचे आणि नऊच्या गाडीसाठी साडेआठला स्टँडवर जाऊन उभे राहायचे. दसऱ्याला सोनं द्यायला माझ्याकडे आले तरी दोन पानं जास्तीची आणायचे, ऐनवेळी कोण पावणं आलं तर असावीत म्हणून.

त्यांचं कामच तसं होतं. फौंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात तापलेला रस ओततात. रस गार होताना आकसतो, म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. हा नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवण्यात मिस्त्रींची हयात गेली. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर बायको आणि दोन पोरांसह राहायचे आणि पार्किंगच्या एका कोपऱ्यात त्यांचं काम चालायचं. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. वरच्या मजल्यावर माझं घर आणि माझा गणिताचा क्लास. बावीस वर्षं मी दहावीचं गणित शिकवते आहे. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर चौकातला असा एखादा फ्लेक्स पाहिलाच असेल, वर पोरांचे फोटो, खाली मार्क आणि कोपऱ्यात हसणाऱ्या मॅडम. त्या फ्लेक्सपायी मी काय केलं ते सांगितल्याशिवाय मिस्त्रींविषयी लिहिता येणार नाही.

मिस्त्रींची थोरली गौरी आणि धाकटा सोहम एकाच वर्गात होते, कारण गौरीचं एक वर्ष काविळीत गेलं होतं. नववीत दोघं कसेबसे पास झाले, तेव्हा शाळेनं मिस्त्रींना बोलावून गोड शब्दांत सांगितलं की आमच्या दहावीच्या निकालाचा प्रश्न आहे, तुम्ही पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. तिथून मिस्त्री थेट माझ्याकडे आले. दारात चपला काढून उभे राहिले आणि पोरांना क्लासला घेता का विचारलं. मी दोघांच्या गुणपत्रिका पाहिल्या आणि बॅच फुल आहे म्हणून सांगितलं. त्यांनी एकदा माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, "बरं मॅडम" म्हणाले आणि खाली गेले.

जूनमध्ये पार्किंगमध्ये शाळा सुरू झाली. दोन लाकडी घोड्यांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं, ते टेबल. प्लायवूडच्या फळीला काळा रंग मारून फळा. मिस्त्रींची बायको एका दवाखान्यात सकाळच्या ड्युटीला जायची, त्यामुळे शिकवणार कोण हा प्रश्नच नव्हता. सकाळी सात ते अकरा शाळा, मग मिस्त्रींचं काम. इमारतीत सगळ्यांनाच हसू आलं. खोटं कशाला बोलू, मीही गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी राहायचे ती करमणूक म्हणूनच.

गणपतीत माझ्या क्लासला आठवड्याची सुट्टी होती. आदल्या रविवारी मिस्त्री वर आले. पोरं शिकतायत, पण त्यांना नेमकं किती येतंय ते मला कळत नाही, असं म्हणाले. पुढच्या रविवारी मी एक पेपर काढावा आणि अजिबात दयामाया न करता तपासावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. जूनपासून माझं मन मला खात होतंच. मी म्हटलं, दोघांना निम्म्याच्या वर मार्क पडले तर दोघांनाही क्लासला घेते. बॅच फुल होती ना, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. मग परीक्षा आपलीच असल्यासारखी मी तो अख्खा आठवडा गॅलरीत काढला.

सोमवारी बीजगणित होतं. मिस्त्रींनी पुस्तक उघडून वर्गसमीकरणाचं एक उदाहरण फळ्यावर घेतलं, तीन पायऱ्या उतरवल्या आणि थांबले. आता सारवासारव होणार म्हणून मी कठड्यावरून वाकले. ते पोरांकडे वळले. "इथनं फुडं मला येत न्हाई," म्हणाले. "चला, तिघं मिळून बघू." दाराच्या त्या टेबलावर तिघांची डोकी एकत्र झाली आणि तासाभरानं उदाहरण सुटलं, तेही गौरीकडून. बावीस वर्षांत मी वर्गासमोर मला येत नाही असं एकदाही म्हटलेलं नाही. अडले तेव्हा, हे परीक्षेला येत नाही, असं म्हटलंय. त्या सकाळी माझा चहा कपातच गार झाला.

मंगळवारी विज्ञान म्हणून ते पोरांना ओळखीच्या फौंड्रीत घेऊन गेले. रस ओततात ते लांबून दाखवलं, रंगावरून किती तापलाय ते कसं ओळखायचं ते समजावलं. सोहम हा अर्धं पान लिहायला रडणारा पोरगा, त्यानं घरी येऊन चार पानं लिहिली. गौरीनं ती वही मला वर आणून दाखवली. ऱ्हस्वदीर्घाचा आनंदीआनंद होता, पण वाळूतून निघणाऱ्या वाफेबद्दल त्यानं जे लिहिलं होतं ते मी दोनदा वाचलं.

बुधवारी सगळं बिघडलं. चौकातल्या मंडळानं सकाळीच स्पीकर सुरू केला होता आणि इकडे फळ्यावर इतिहास. नऊच्या सुमाराला सोहम नाहीसा झाला. मिस्त्री जाऊन त्याला मांडवातून खांद्यावर हात ठेवून घेऊन आले. ओढत नव्हते, पण मंडळाच्या पोरांसमोरून आणलं ते आणलंच. पार्किंगमध्ये आल्यावर सोहम जो उखडला तो दोन मजल्यांना ऐकू गेला. पोरं मला विचारतात तुझा हेडमास्तर रंधा मारतोय काय, मला लाज वाटते, असं बरंच काही बोलला. आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही सवता नववी अर्ध्यात सोडलीसा. दहावीला कधी बसला न्हाईसा. तुम्ही आम्हाला काय शिकवणार?"

मला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार. आमच्याकडच्या बापांचा हात तोंडाच्या आधी चालतो. मिस्त्रींनी इतिहासाचं पुस्तक मिटलं, त्यावरचा भुसा सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि रंधा हातात घेतला. दुपारपर्यंत खालून दुसरा आवाज आला नाही.

संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा मी सोहमला नावं ठेवायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. पोरगं खोटं बोललं नाही, म्हणाले. चौदाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली कामाला बसले, त्यानंतर पुस्तक हातात धरलं ते थेट या जूनमध्ये. कठड्यावरची धूळ नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "नापास झालं तर परत बसंल हो ते. पण त्याला माझी लाज वाटली, तर त्याला मी काय करू?"

क्लासमध्ये इतकी वर्षं बापांनी येऊन माझ्याकडे पोरांच्या तक्रारी केल्या आहेत, पोरांच्या नजरेतून आपण उतरलो याची काळजी कुणी बोलून दाखवली नव्हती.

गुरुवारी सातला मिस्त्री टेबलापाशी एकटेच बसले होते. समोर वही, स्वतःच उदाहरणं सोडवत होते. साडेसातला गौरी आली. सोहम उगवला तो शाळा सुटायच्या वेळेला, आणि येऊन टेबलाच्या पार टोकाला बसला. मिस्त्रींनी फक्त फळा पुसला आणि सकाळचं पहिलं उदाहरण पुन्हा लिहिलं.

स्पीकरपासून सुटका म्हणून शुक्रवारी ते पोरांना एसटीनं पन्हाळ्याला घेऊन गेले. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधून तटबंदीची उंची काढायची होती. तिघांची तीन उत्तरं आली आणि दोरा कुणी हलवला यावरून परतीच्या वाटेवर भांडण झालं, असं गौरी सांगत होती. तिथं एका माणसानं त्यांना हटकलं होतं, "काय पावणं, सर्व्हेचं काम हाय काय?" सोहमनं चटकन व्हय म्हणून सांगून टाकलं. वडील शिकवतायत असं परक्या माणसाला सांगायला त्याची जीभ वळली नाही. गौरी हे हसत सांगत होती. मिस्त्रीही हसले, पण जरा उशिरा.

शनिवारी पोरांच्या आईला सुट्टी असायची, म्हणून इंग्रजी तिच्याकडे. ती दवाखान्यातून औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या आणायची आणि पोरं त्या मोठ्यानं वाचायची. गुंगी, खाज आणि मळमळ यांचे इंग्रजी शब्द त्या दोघांइतके माझ्या पहिल्या बाकावरच्या हुशार पोरांनाही येत नसतील.

रविवारी मी दोघांना माझ्या वर्गात बसवलं. दोन्ही भागांचा मिळून तीन तासांचा पेपर, आणि काढला होता जरा कडकच. सोहम निम्म्याच्या वर दोन मार्कांनी गेला. गौरीचं बीजगणित तर सुरेख होतं. पण भूमितीच्या रचना तपासायला घेतल्या आणि माझं डोकं फिरलं. आकृत्या स्वच्छ, कंस बारीक, आणि एकही माप बरोबर नाही. साडेसात सेंटिमीटरची रेघ दीड मिलिमीटरनं जास्त. प्रत्येक रेघ थोडी थोडी जास्तच. मी लाल पेन चालवलं आणि तिला अंदाजपंचे काम करतेस म्हणून झापलं.

गौरी रडणाऱ्यातली नाही. "तीनदा मोजलंय मी मॅडम," म्हणाली आणि आपली पट्टी रेघेवर ठेवली. बरोबर साडेसात. मी माझी ठेवली, तर दीड मिलिमीटर जास्त. मग दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळलं, एकाला एक जुळल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर तिच्या पट्टीवरचा प्रत्येक आकडा माझ्या आकड्याच्या जरा जरा पुढे जात राहिला. भूमिती शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला पट्टी खोटी बोलू शकते हे ठाऊक नव्हतं. मी खाली हाक मारली.

मिस्त्री हात पुसत आले, पट्टी पाहिली आणि कानापर्यंत लाल झाले. ती पॅटर्नवाल्यांची खास पट्टी होती, पोलादाच्या कामाची. पोलाद गार होताना जेवढं आकसतं, तेवढं या पट्टीच्या प्रत्येक सेंटिमीटरमध्ये आधीच वाढवून ठेवलेलं असतं, म्हणजे कारागिराला दर मापाला आकडेमोड करावी लागत नाही. जूनमध्ये गौरीची प्लास्टिकची पट्टी मोडली तेव्हा बापानं तिला स्वतःची चांगली, स्टीलची, इतकी वर्षं जपलेली पट्टी दिली होती. तीन महिने त्या पोरीनं त्रिकोण, वर्तुळं, स्पर्शिका, सगळं फौंड्रीत ओतायचं असल्यासारखं काढलं होतं.

मला हसू फुटलं ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत आवरेना. गौरीही हसली. सोहम भिंतीला टेकून उभा होता. "बघा," म्हणाला. "म्हणलं हुतं की मी."

मिस्त्री खाली गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मी गौरीचे कापलेले मार्क तिला परत दिले, कारण चूक पट्टीची होती, पोरीची नव्हती. तीही निम्म्याच्या बरीच वर गेली. मग मी मिस्त्रींच्या मागोमाग गेले. ते तळव्याकडे बघत बसले होते.

"ही एक घावली मॅडम," ते म्हणाले. "न घावलेल्या किती असतील? काय काय वाकडं शिकवून बसलोय मी, कुणास ठावं."

इतका साफ मनाचा माणूस समोर बसलेला असताना आपलं लपवून ठेवणं मला जमेना. मी सांगून टाकलं की जूनमध्ये बॅच फुल नव्हती. ते म्हणाले, "म्हाईत हाय. चार खुर्च्या रिकाम्या हुत्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. नजरेला मोजायची सवय होती, तिनं मोजल्या होत्या. तरीही हा माणूस रोज सकाळी मला नमस्कार करत होता आणि पेपर काढायला माझ्याकडेच आला होता. मला फार शरम वाटली, आणि ती मी बोलूनही दाखवली. तुमचाही धंदा आहे की, असं म्हणून त्यांनी माझीच समजूत घातली.

मी दोघांना सगळ्या गणितासाठी वर पाठवा म्हटलं. त्यांनी विचार केला आणि भूमिती तुम्ही घ्या, बाकीचं मी बघतो, असं सांगितलं. सगळंच सोडलं तर पप्पांनी हात टेकले असं सोहम म्हणेल, याची त्यांना धास्ती होती. त्यानंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरं भूमितीला वर यायची आणि सकाळची पार्किंगमधली शाळा फेब्रुवारीपर्यंत एकही दिवस न चुकता चालली. सोहम यायचा, लिहायचा, सोडवायचा. पण मित्रांना तो मॅडमच्या क्लासला जातो एवढंच सांगायचा. मिस्त्री ते ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे.

मार्चमध्ये भूमितीच्या पेपरला मी दरवर्षीप्रमाणे पोरांना भेटायला केंद्राकेंद्रांवर फिरत होते. गौरी-सोहमच्या केंद्रावर पोचले तेव्हा पेपर सुटायला पाच मिनिटं होती. गेटबाहेर आईबापांची ही गर्दी, हातात पाण्याच्या बाटल्या, उन्हाला डोक्यावर रुमाल. त्या गर्दीत मिस्त्री नव्हते. मी दोन चकरा मारल्या, रिक्षास्टॉपवर बघितलं, पलीकडच्या चहाच्या गाड्यावर बघितलं. कुठेच नाहीत. मला मनापासून राग आला. अख्खं वर्ष राबून नेमका आजच हा माणूस कामाला गेला?

घंटा झाली, पोरांचा लोंढा आला. गौरी आली, मागून सोहम. दोघांच्या चेहऱ्यावरूनच पेपर कळला. मी पहिला प्रश्न विचारला तो, तुमचे पप्पा कुठे म्हणून. गौरीनं शाळेच्या इमारतीकडे बोट केलं.

"आत हाईत. त्यांचा बी पेपर हुता की."

मला काही समजेना. मग तिनंच सगळं सांगितलं. गणपतीतल्या त्या भांडणानंतरच्या सोमवारी मिस्त्री पोरांचे सतरा नंबरचे फॉर्म भरायला गेले आणि येताना तीन फॉर्म भरून आले. पोरांनाही कळलं ते हॉलतिकिटं आल्यावर. मॅडमना सांगायचं नाही अशी सक्त ताकीद होती, दया येऊन त्या पोरांच्या वह्या तपासताना हात सैल सोडतील म्हणून. भूमितीच्या तासाला जिन्यात बसून ते पोरांची वाट बघतात असं मी समजत होते. ते दाराबाहेरून माझा तास ऐकत होते. आडनाव एकच, त्यामुळे तिघांचे नंबर लागोपाठ आले होते आणि मराठीच्या पेपरपासून मिस्त्री सोहमच्या मागच्याच बाकावर बसत होते.

निकाल आत्ताच सांगून टाकते, क्लासवाल्या बाईला तो फार वेळ पोटात ठेवता येत नाही. गौरीला फर्स्ट क्लास मिळाला आणि सोहम पास झाला. मिस्त्रींचं इंग्रजी राहिलं, ते त्यांनी जुलैत काढलं. भूमितीत त्यांना सोहमपेक्षा जास्त पडले. मी तिघांचे फोटो फ्लेक्सवर लावायचं म्हणत होते, तर भूमितीच तेवढी तुमच्याकडं होती म्हणून त्यांनी नको सांगितलं. पुढे ते शिरोलीकडे राहायला गेले. पार्किंगच्या त्या कोपऱ्यात आता तीन स्कूटर लागतात आणि सकाळी सातला गॅलरीत उभं राहून बघण्यासारखं काही नसतं.

मात्र त्या दिवशी गेटवर आम्ही बराच वेळ थांबलो. गर्दी पांगली तरी मिस्त्री येईनात. गौरी म्हणाली, त्यांचा बाक डगडगत होता, त्याच्या पायाखाली पुठ्ठा घालत बसले असतील, मागच्या पेपरलाही तेच केलं होतं. सोहमनं गाड्यावरून गार पाण्याची बाटली आणली, पण स्वतः प्यायला नाही. ती धरून तो गेटच्या गजांना नाक लावून आत बघत उभा राहिला.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ रिक्षाची वाट बघत होते. त्यांनी त्याला विचारलं, सगळी पोरं तर गेली, तू कुणासाठी थांबलायस, भाऊ हाय का आत?

"न्हाई," सोहम म्हणाला. "आमचं पप्पा हाईत. दहावीला बसल्यात." गृहस्थांना नीट ऐकू आलं नसावं असं त्याला वाटलं की काय कुणास ठाऊक, त्यानं तेच पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही वर पाहिलं.

गृहस्थांची रिक्षा आली, ती त्यांनी सोडून दिली आणि तेही आमच्यात येऊन उभे राहिले. आत शिपाई एकेक वर्ग बंद करत येत होता. मिस्त्री अजून आले नव्हते.